अंतराळवीर आणि सरकारी मोटार

अमेरिकेत सरकारी मोटारीने घर ते कचेरी असा प्रवास करायला कायद्याने सहसा मनाई आहे. पदाचा गैरफायदा रोखणारा हा नियम योग्यच आहे. पण अंतराळातून नुकत्याच परतलेल्या अंतराळवीराचीही त्यात अडचण होते. त्याला वाहन देता यावे म्हणून 2023 साली तिथल्या संसदेत वेगळे विधेयक मांडावे लागले!

याला कोणी लाड म्हणेल. आम्हांला ते मान्य नाही. आपल्या अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात. डोके कलले की गुरुत्वामुळे ते सरकतात आणि मेंदूला कल समजतो. कक्षेत हा संकेत मिळत नाही, तेव्हा मेंदू त्याच्यावाचून काम भागवायला शिकतो. परतल्यावर हेच शिकणे अंगाशी येते. नुसती मान वाकवली तरी आपण घसरतो आहोत असे वाटते. सुमारे सहा महिने अंतराळस्थानकात राहिलेल्या 8 जणांची तपासणी 2019 साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये प्रसिद्ध झाली. उतरल्या दिवशी त्यांना मोटारीचे नकली यंत्रही नीट चालवता आले नाही. पूर्ववत व्हायला चार दिवस लागले.

म्हणजे घरापर्यंतचा रस्ता हा मोहिमेचाच भाग आहे. वर्गात मात्र आपण सगळेच हवाईछत्री उघडली की गोष्ट संपवतो. मुलांना गोल फिरवून सरळ चालायला लावण्याचा प्रयोग इथे जरूर करावा. मात्र ती भोवळ अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रवामुळे येते, स्फटिकांमुळे नव्हे, एवढे सांगायला विसरू नये.