‘ट्रॉपिकल’ भावना : एका विशेषणाचा अनुवाद

दिल्लीतील सरोजिनी नगर कर्कवृत्ताच्या उत्तरेस सुमारे ५ अंशांवर आहे. काटेकोर भूगोलाच्या दृष्टीने ही वसाहत उष्ण कटिबंधात मोडत नाही. तथापि तेथील बाजारात ताडाची पाने आणि पोपट छापलेला सदरा ‘ट्रॉपिकल’ म्हणूनच खपतो. विशेषणाचा हा शिथिल वापर केवळ व्यापारी नाही. ज्यांचे नाव या वसाहतीस मिळाले, त्या सरोजिनी नायडू यांच्या कवितेच्या समीक्षेतही तो आढळतो. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बर्ड ऑफ टाइम’ या संग्रहाच्या प्रस्तावनेत एडमंड गॉस यांनी त्यांच्या काव्यातील भावनांना ‘ट्रॉपिकल’ आणि ‘प्रिमिटिव्ह’ ही विशेषणे जोडीने लावली आहेत. हे विधान मराठीत कसे आणावे, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

‘ट्रॉपिक’च्या ग्रीक मुळाचा अर्थ ‘वळण’. सूर्य जेथून माघारी फिरतो, ती ही वृत्ते. या अर्थाचा ‘सायन’ हा शब्द पंचांगाच्या परिभाषेत आहे. त्यात सूर्याचे अयन आहे, उकाडा नाही. ‘उष्ण कटिबंध’ ही संज्ञा मात्र ‘टॉरिड झोन’शी शब्दशः जुळते, ‘झोन’ म्हणजे मुळात कंबरपट्टाच. अर्थात मराठीत रूढ झालेला प्रतिशब्द एका वेगळ्याच संज्ञेचा आहे. त्याच ग्रीक मुळापासून अलंकारशास्त्रातील ‘ट्रोप’ ही संज्ञा आली, आणि इंग्रजीत ‘ट्रॉपिकल’चा ‘लाक्षणिक’ असाही अर्थ होता.

गॉस यांचा वापर वस्तुतः लाक्षणिकच आहे; परंतु तो भौगोलिक सत्याचा अधिकार सांगतो. हवामानावरून मनोधर्म ठरतो आणि ‘प्रिमिटिव्ह’च्या सान्निध्याने उष्णतेस असंस्कृततेची छटा येते. याच संग्रहातील ‘इन द बझार्स ऑफ हैदराबाद’ ही कविता या निष्कर्षास छेद देते. हैदराबाद खरोखरच उष्ण कटिबंधात आहे. पण कवितेत दिसतात ते व्यापारी, सोनार, वादक आणि फुले गुंफणाऱ्या मुली. हे नागर संस्कृतीत मुरलेले शहर आहे, आदिम प्रदेश नव्हे.

गॉस यांचा हेतू गौरवाचा होता, हे मान्य करावे लागते. इंग्लंडच्या निसर्गाचे अनुकरण सोडण्याचा त्यांचा सल्ला कवयित्रीस उपकारकही ठरला. मात्र त्या अनुकरणाऐवजी त्यांना अपेक्षित असलेला ‘पूर्व’ही इंग्रजी दृष्टीनेच आखलेला होता. म्हणूनच ‘उत्कट’ हा सोयीचा पर्याय अनुवादकाने टाळावयास हवा. तो गौरव राखतो आणि त्यामागील निवाडा झाकतो. ‘उष्णकटिबंधीय भावना’ ही शब्दयोजना कानाला खटकते, आणि ते खटकणे आवश्यक आहे. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. तेथील वाचक आपले प्रेम वा शोक अक्षांशावरून ओळखत नाही. मूळ विधानातील विसंगती त्याला या अनुवादातच प्रथम जाणवेल.