‘निवृत्ती’ आणि ‘अभिव्यक्ती’ : दोन पारिभाषिक शब्दांची चिकित्सा

शास्त्रीय परिभाषेचे मूल्य केवळ व्युत्पत्तीवरून ठरत नाही. शब्दामुळे अर्थ निश्चित होतो की धूसर, हे पाहावे लागते. ऋतुसमाप्ती आणि स्तनाच्या कर्करोगातील जनुकांचे कार्य यांच्या संबंधावरील मराठी लेखन या कसोटीला लावले असता दोन शब्द विशेष खटकतात.

पहिला शब्द ‘रजोनिवृत्ती’. निवृत्ती म्हणजे प्रवृत्तीचा अंत. त्यामुळे रज थांबले की स्त्रीसंप्रेरकाचे कार्यही संपले, असा ग्रह होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. बीजकोशांचे कार्य थांबल्यावरही अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या द्रव्यांपासून मेदपेशींत अॅरोमाटेज या विकराच्या साहाय्याने इस्ट्रोजेन अल्प प्रमाणात तयार होतच राहते. अर्बुदाच्या पेशींत त्याचे ग्राहक असतील तर त्या संयोगाने अनेक जनुके कार्यरत होतात; प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहकाचे जनुक हे त्यांपैकी एक. असे ग्राहकयुक्त अर्बुद ऋतुसमाप्तीनंतरच्या वयात अधिक आढळते, ही गोष्ट ‘निवृत्ती’ या शब्दाशी विसंगतच नव्हे काय?

याउलट अमरावती-अकोल्याकडील स्त्री ‘पाळी गेली’ एवढेच म्हणते. स्राव थांबला, यापलीकडे त्या शब्दांचा दावा नाही. मात्र ‘पिशवी काढलेली’ स्त्रीही हेच म्हणते. गर्भाशय काढले तरी बीजकोश शाबूत असल्यास त्यांचे कार्य चालू असू शकते. तिच्या कागदावर ‘रजोनिवृत्त’ अशी नोंद झाली तर अनर्थ ओढवतो; कारण बीजकोश कार्यरत असताना अॅरोमाटेज रोखणारे औषध एकटे पुरे पडत नाही. ग्लासगोचे बीटसन यांनी बीजकोश काढून स्तनाच्या अर्बुदावर केलेले उपचार १८९६ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून प्रश्न बीजकोशांचा आहे, रजाचा नव्हे. म्हणून ‘पाळी गेली का?’ या एका प्रश्नाऐवजी ‘पाळी आपोआप गेली की पिशवी काढल्याने?’ आणि ‘बीजकोश ठेवले आहेत काय?’ असे दोन प्रश्न विचारणे इष्ट.

दुसरा शब्द ‘जनुक-अभिव्यक्ती’. साहित्यविचारात रुळलेला हा शब्द आत दडलेले काही बाहेर प्रकट होते असे सुचवितो. परिणामी, अर्बुदातील जनुकांची क्रिया आणि आईबापांकडून आलेला जनुकदोष यांत वाचक गल्लत करतो, आणि रोग्याच्या लेकींना नसती धास्ती बसते. १९९४ मध्ये वेगळे करण्यात आलेल्या बीआरसीए-१ या जनुकातील वारसादोष थोड्याच रुग्णांत आढळतो; जनुकांची क्रिया मात्र प्रत्येक अर्बुदात कमीअधिक होत असते. त्यासाठी ‘जनुकक्रिया’ हा साधा शब्द पुरेसा आहे.

विटाळ न मानणाऱ्या चक्रधरांच्या लीळा ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी ग्रथित केल्या, त्या वऱ्हाडात देहधर्माविषयीचे स्वच्छ मराठी परके नाही. परिभाषाकारांनी कोशाबरोबर त्या बोलीकडेही पाहावे.