साल छापण्याचा अधिकार

शॅम्पेनच्या बाटलीवर साल छापणे हा या प्रदेशाच्या रिवाजातला अपवाद आहे. बहुतेक बाटल्यांत अनेक हंगामांची वाइन एकत्र केलेली असते. एखाद्या हंगामाची वाइन त्याच्याच नावाने विकायची, तर तो हंगाम त्या तोलाचा असावा लागतो. गेल्या दोन दशकांत हा अपवाद सवयीचा होऊन बसला आहे. दों पेरिन्यों या नावाच्या शॅम्पेनने २००२ ते २००६ अशी सलग पाच साले जाहीर केली. त्या नावाच्या इतिहासात असे पूर्वी कधी झाले नव्हते. त्याच पाच वर्षांत ल मेनिल-स्यूर-ओझे या गावातल्या सालों या पेढीने २००२, २००४ आणि २००६ एवढीच साले बाजारात आणली. पहिली वृत्ती मिळेल त्या हंगामातून मोठी वाइन घडवू पाहते, दुसरी हंगामालाच नकार देऊ शकते. साल छापलेल्या, म्हणजे व्हिंटेज, शॅम्पेनचे भवितव्य यांपैकी कोणती वृत्ती टिकते यावर ठरणार आहे.

हा अपवाद का निर्माण झाला, याचे उत्तर जमिनीत आणि हवेत आहे. शॅम्पेन प्रदेश ४९ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास येतो. वाइनच्या द्राक्षांसाठी ही दीर्घकाळ जवळजवळ शेवटची थंड हद्द मानली गेली. एप्रिलमधल्या कडाक्याने कोंब जळतात, फुलोऱ्याच्या वेळी पाऊस येतो आणि सप्टेंबरात फळ पिकेल की नाही याची खात्री नसते. म्हणून पीनो न्वार, मनिये आणि शार्दोने या तीन वाणांचे, निरनिराळ्या गावांचे आणि निरनिराळ्या वर्षांचे मिश्रण करण्याची विद्या इथे वाढली. खाली खडूचा जाड थर असल्याने पावसाचे पाणी मुरते आणि कोरड्या दिवसांत मुळांना परत मिळते. अशा प्रदेशात एखादे वर्ष स्वतःच्या बळावर उभे राहते, तेव्हा त्याची नोंद बाटलीवर होते. नियमाप्रमाणे साधी शॅम्पेन बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने आणि व्हिंटेज किमान ३ वर्षे तळघरात राहिली पाहिजे. शिवाय एका वर्षाच्या मालापैकी जास्तीत जास्त ८० टक्केच त्या सालाच्या नावाने विकता येतो. उरलेला पुढच्या वाईट वर्षांसाठी राखायचा असतो.

नियमातल्या या वर्षांना अर्थ येतो तो साक्यामुळे. दुसरे किण्वन बाटलीतच होते. साखर संपली की यीस्ट मरते आणि तळाशी साका बसतो. मृत पेशी हळूहळू विघटित होतात, त्यातली प्रथिने आणि अमिनो आम्ले वाइनमध्ये उतरतात. ताज्या पावाचा, भाजलेल्या बदामाचा गंध आणि बारीक, मऊ फेस यातून येतो. साका वाइनला ऑक्सिजनपासूनही वाचवतो. साका काढून बूच बसवले की हे संरक्षण संपते आणि वाइनचे दुसरे, वेगळे वयोमान सुरू होते. त्यामुळे एकाच सालाची, पण साका वेगवेगळ्या वर्षी काढलेली वाइन म्हणजे दोन वेगळ्या वाइन होत. व्हिंटेज शॅम्पेनविषयीचा प्रत्येक गंभीर वाद अखेर या एका गोष्टीपाशी येतो.

शॅम्पेन बनवणाऱ्या पेढ्यांचा वारसा सांगताना मात्र दंतकथाच पुढे केल्या जातात. ओव्हियेच्या मठातल्या दों पेरिन्यों या साधूने फेसाळ वाइन शोधली, ही कथा खोटी आहे. निरनिराळ्या बागांची द्राक्षे जुळवण्यात त्याची थोरवी होती. २०१०मध्ये बाल्टिक समुद्राच्या तळातून वर आलेल्या शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सुमारे १७० वर्षांच्या होत्या आणि त्यांत लिटरला १४० ग्रॅमहून अधिक साखर होती. त्या काळची रुची समजण्यासाठी ही माहिती मोलाची आहे, पण समुद्राने राखलेल्या बाटलीचे श्रेय पेढीला जात नाही.

खरा वारसा कारागिरीचा आहे. बार्ब-निकोल क्लिको १८०५मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली आणि तिने पेढी हाती घेतली. १८१६च्या सुमारास तिच्या तळघरात बाटल्या तिरक्या लावून, रोज थोड्या फिरवून साका बुचाकडे आणण्याची रीत बसवली गेली; वाइन स्वच्छ करण्याचा प्रश्न त्याने सुटला. लुईझ पोमेरीने १८७४च्या वाइनमध्ये साखर कमी करून तिला कोरडी चव दिली आणि पुढच्या शतकाची रुची घडवली. साखरेचे पांघरूण निघाल्यावर हंगामाचे गुणदोष उघडे पडू लागले. रॅन्स शहरातल्या सँ-निकेझ टेकडीखाली गॅलो-रोमन काळापासून खणलेल्या खडूच्या खाणी या पेढ्यांनी तळघरे म्हणून वापरात आणल्या. तिथे उन्हाळ्यातही १० ते १२ अंशांचा थंडावा असतो आणि काळोख अखंड असतो. पहिल्या महायुद्धात रॅन्सवर वर्षानुवर्षे तोफा धडाडत असताना माणसे याच तळघरांत राहिली, मुलांच्या शाळाही तिथेच भरल्या. १९१४ची काढणी युद्धभूमीलगत, बहुतांशी बायका, मुले आणि म्हाताऱ्यांनी केली. तरीही ते साल विसाव्या शतकातल्या सर्वोत्तम सालांत गणले जाते. २०१५मध्ये युनेस्कोने या टेकड्या, पेढ्या आणि तळघरे जागतिक वारसा यादीत घेतली, ती या श्रमासाठी.

या वारशाला बागायतदारांचीही बाजू आहे आणि पेढ्यांच्या पुस्तिकांत ती क्वचितच दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी फिलॉक्सेरा या किडीने बागा मरत होत्या, हंगाम बुडत होते आणि काही व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षे आणून शॅम्पेनच्या नावाने विकत होते. १९११मध्ये संतापलेल्या बागायतदारांनी उठाव केला आणि आय गावातल्या पेढ्यांना आगी लावल्या. प्रदेशाच्या सीमा कायद्याने ठरल्या, १९३६मध्ये उगमस्थानाचे संरक्षण मिळाले, त्यामागे हा संघर्ष आहे. बाटलीवरच्या शब्दाला जागणे, हा या प्रदेशाच्या कायद्याचा पाया तिथे घातला गेला.

या पायाला सर्वांत प्रामाणिक राहिलेली वाइन म्हणजे सालों. एजेन-एमे सालों हा शॅम्पेनमध्येच जन्मलेला, पॅरिसमध्ये फरच्या व्यापारात पैसा मिळवलेला गृहस्थ. एकच गाव, एकच वाण आणि एकच साल अशी वाइन करायचे त्याने ठरवले. १९०५ हे तिचे पहिले साल. मिश्रणाच्या प्रदेशात ही जवळजवळ बंडखोरी होती, कारण चूक झाकायला हाताशी दुसरे गाव नाही, दुसरे वाण नाही, मागचे वर्षही नाही. उरतो तो फक्त नकार. विसाव्या शतकात सालोंची ३७ सालेच निघाली. जे वर्ष तोलाचे ठरत नाही, त्याची द्राक्षे दलामोत या भगिनी पेढीकडे जातात आणि सालोंचे नाव त्या वर्षी कोरे राहते. आम्लता मऊ करणारे मॅलोलॅक्टिक किण्वन टाळून वाइनची धारदार आम्लता राखली जाते आणि मग साधारण दहा वर्षे तिला साक्यावर झोपू दिले जाते. तरुणपणी ती कठोर, जवळजवळ खडूसारखी कोरडी लागते. वीस वर्षांनी तिच्यात मध, अक्रोड आणि लिंबाच्या सालीचा गंध एकवटतो आणि आम्लता तशीच ताठ राहते. २००८ सालासाठी पेढीने केवळ ८,००० मॅग्नम, म्हणजे दीड लिटरच्या बाटल्या, भरल्या. इथे दुर्मीळपणा विक्री खात्यातून येत नाही, बागेतून येतो.

दुसरे उदाहरण बोलँजे या पेढीचे. १९४१पासून १९७१पर्यंत पेढी सांभाळणाऱ्या लिली बोलँजेने १९५२ सालची वाइन बराच काळ साक्यावर ठेवून १९६०च्या दशकात बाजारात आणली आणि तिला आर. डी. हे नाव दिले. साका नुकताच काढला आहे, एवढेच ते नाव सांगते. वयाबरोबर ताजेपणाही जपता येतो हे त्या वाइनने सिद्ध केले आणि लेबलवर साका काढल्याची तारीख छापून ग्राहकाला विश्वासात घेतले. या पेढीची व्हिंटेज वाइन अजूनही ओकच्या पिंपांत आंबवली जाते आणि तळघरातली दीर्घ विश्रांती धातूच्या टोपणाऐवजी खऱ्या बुचाखाली घेते. प्रत्येक बाटलीचे बूच हाताने काढावे लागते. हे कष्ट पेढीने सोडलेले नाहीत. २००३च्या एप्रिलमध्ये थंडीच्या कडाक्याने बागा होरपळल्या आणि मग उष्णतेच्या लाटेत काढणी ऑगस्टमध्येच सुरू करावी लागली. त्या वर्षी बोलँजेने आपल्या व्हिंटेजच्या ‘ग्रांद आने’ या नावाचा मान त्या वाइनला दिला नाही. ती वेगळ्या नावाने विकली. हंगाम वेगळा होता आणि बाटलीने ते उघड सांगितले.

मारय-स्यूर-आय इथल्या फिलिपोनाच्या क्लो दे ग्वास या साडेपाच हेक्टरांच्या बागेचा उतार दक्षिणमुखी आणि अत्यंत तीव्र आहे. उन्हाच्या बळावर ती बहुतेक वर्षी आपले साल जाहीर करते. तरीही तिच्यावर आक्षेप घेता येत नाही, कारण बाटलीच्या मागच्या लेबलवर वाणांचे प्रमाण, साखरेची मात्रा आणि साका काढल्याची तारीख स्पष्ट दिलेली असते. क्रूग या पेढीने २०११पासून बाटलीवर अशी माहिती शोधता येईल असा क्रमांक देऊन हाच मार्ग धरला. ब्रुनो पायार ही पेढी तर १९८३पासून तारीख छापत आहे. यांच्यात शैलीचे साम्य नाही, पण बाटलीत काय आहे ते सांगण्याची सभ्यता सगळ्यांत आहे.

याखेरीज बाजारात जे दिसते, त्याला थोडी जागा पुरे. साका काढल्यावर साखर अजिबात न घालण्याची फॅशन कच्च्या वाइनला शुद्धतेचे सोंग देते. चित्रकारांच्या नावाने निघणारी खोकी वाइनविषयी काही सांगत नाहीत. सोनेरी, रुपेरी बाटल्या नाइटक्लबसाठी आहेत. आव्हीझ गावातल्या अँसेल्म सेलोसने १९८६पासून वर्षावर वर्ष मिसळत नेलेली ‘सुब्स्तांस’ थोर आहे, पण ती मुद्दाम साल पुसते. तिचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा.

आता सलग साले जाहीर करण्याचे समर्थन पाहावे लागेल. हवामान तापले आहे, काढणी पूर्वीपेक्षा दोन-अडीच आठवडे आधी येते, द्राक्ष दरवर्षी पिकते, मग साल का छापू नये, असा युक्तिवाद केला जातो. तो पटण्यासारखा नाही. साखर भरली म्हणजे हंगाम मोठा झाला असे नव्हे. व्हिंटेज शॅम्पेन दशके टिकते ती आम्लतेवर, आणि उष्णतेत सर्वांत आधी आम्लताच घटते. पूर्वी कच्चेपणामुळे वर्षे नाकारावी लागत, आता जास्त पिकल्यामुळे नाकारावी लागतील. निवडीची गरज तापमानाने कमी झाली नाही, वाढली आहे. अनेक गावांच्या उत्तम बागा हाताशी असल्याने अवघड वर्षातही मोठी पेढी चांगली वाइन करू शकते, हे खरे आहे. पण चांगली वाइन करणे वेगळे आणि त्या वर्षाला इतिहासात स्थान देणे वेगळे. चांगल्या वाइनसाठी बिनसालाची बाटली आहेच, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

दुसरे समर्थन उशिरा काढलेल्या बाटल्यांचे. दों पेरिन्यों आपली वाइन पहिल्यांदा आठ-नऊ वर्षांनी विकते आणि तीच वाइन पंधराहून अधिक वर्षे साक्यावर ठेवून पी-२ या नावाने कितीतरी अधिक किमतीला पुन्हा विकते. पी-२ मधली वाइन उत्कृष्ट असते, याबद्दल दुमत नाही. पण पंधरा वर्षांनी वाइन खऱ्या अर्थाने उलगडते असे पेढीच सांगत असेल, तर पहिल्यांदा विकलेली बाटली अपुरी होती, असाच त्याचा अर्थ होतो. साक्यावरचा काळ ही या प्रदेशाची सर्वांत मोठी संपत्ती आहे. ती मूळ बाटलीतून काढून दुसऱ्या बाटलीत भरणे आणि तिचे स्वतंत्र दाम लावणे म्हणजे वारसा वाढवणे नव्हे.

किमतींनी हा रोग आणखी पसरवला. २०२० ते २०२२ या काळात व्हिंटेज शॅम्पेन गुंतवणूकदारांच्या हाती गेली, भाव चढले आणि नंतर उतरले. एकूण खप २०२२मध्ये ३२ कोटी बाटल्यांच्या पुढे गेला होता. २०२४मध्ये तो २७ कोटींच्या आसपास आला. या घसरणीला अधिक साले आणि अधिक खोकी हे उत्तर देणाऱ्या पेढ्या आपलीच पत खर्च करत आहेत. बाटलीत दुसरे किण्वन करण्याची पद्धत कुठेही नेता येते. नारायणगावच्या इंडेजने १९८०च्या दशकात शॅम्पेनमधल्या तंत्रज्ञांच्या मदतीने ती महाराष्ट्रात आणली आणि आज दिंडोरीत शांदों या नावाची फेसाळ वाइन बनते. शॅम्पेनजवळ स्वतःचे म्हणावे असे दोनच उरतात: खडूवरची थंड जमीन आणि थांबण्याची परंपरा. जमीन तापते आहे. थांबणेही सोडले, तर जगातल्या इतर फेसाळ वाइनपेक्षा जास्त दाम मागण्याचा आधार राहणार नाही.

म्हणून शॅम्पेनच्या नियमांत दोन बदल अटळ आहेत. व्हिंटेजची तीन वर्षांची अट किमान सहा वर्षांवर न्यावी, कारण तीन वर्षांत साक्याचे काम जेमतेम सुरू होते. स्वाभिमानी पेढ्या आजही याहून अधिक थांबतात. आणि साका काढल्याची तारीख प्रत्येक व्हिंटेज बाटलीवर सक्तीची करावी. कमी साले, लांब विश्रांती आणि उघड तारीख या तीन कसोट्यांवर आजच्या अनेक प्रतिष्ठित बाटल्या नापास होतात. नियम बदलेपर्यंत निवाडा ग्राहकाच्या हाती आहे: जिच्यावर साका काढल्याची तारीख नाही, ती बाटली दुर्मीळ म्हणून विकत घेऊ नये.