डावपेच बदलतात, किंमत कोण मोजते?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी मराठी वाचकाची ओळख मुख्यतः दोन टोकांना झाली. एक टोक १९४६चे : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेले पत्र. दुसरे १९७२चे : ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर. मधल्या पाव शतकात तिथल्या संघटनांनी आपली हत्यारे कशी बदलली, याकडे आपले लक्ष कमी गेले. गेले तेव्हाही मांडणी ठरलेली : आधी न्यायालय, मग सत्याग्रह, मग विद्रोह, काळ बदलला तशा संघटना बदलल्या. ही मांडणी सोयीची आहे, पण तीतून एक प्रश्न गळतो. बदल कोण ठरवतो आणि त्याची किंमत कोणाच्या घरातून वसूल होते?

१९०९ साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल (यापुढे 'असोसिएशन') ही या प्रश्नासाठी योग्य कसोटी आहे. १८९६च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे, पण समान' हे तत्त्व मान्य केले होते. १९३०नंतर असोसिएशनचे वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी त्यातल्या 'समान' या शब्दालाच हात घातला. वेगळ्या शाळा ठेवायच्या तर त्या खरोखर समान ठेवा, त्याचा खर्च सोसा, असा हा पेच होता. दक्षिणेतील कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांपेक्षा बराच कमी पगार मिळे. म्हणून समान वेतनाचे दावे लावले गेले आणि अनेक जिंकलेही. या दाव्यांत वकील बाहेरचा असे. पण वादी म्हणून नाव शिक्षकाचे लागे आणि त्याची नोकरी शाळा मंडळाच्या हाती असे.

१९५०मध्ये थर्गुड मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिशा बदलली. यापुढे समानतेचे दावे नाहीत. थेट विभक्ततेवरच हल्ला. साउथ कॅरोलिनातील क्लॅरेंडन परगण्यात हा बदल एकाच लढ्यात दिसतो. तिथल्या पालकांची मूळ मागणी होती मुलांसाठी बसची. १९४९च्या अर्जात ती समान सोयींची झाली आणि १९५०च्या अखेरीस विभक्त शाळाच घटनाबाह्य ठरवा अशी झाली. मागणी मोठी होत गेली, अर्जावरच्या सह्या मात्र त्याच गरीब माणसांच्या राहिल्या. पहिली सही करणारे हॅरी ब्रिग्ज पेट्रोल पंपावरील काम गमावून बसले. त्यांच्या पत्नी इलायझा यांचीही नोकरी गेली.

म्हणून बदल चुकीचा होता का? नाही. १९५१मध्ये राज्यपाल जेम्स बर्न्झ यांनी विक्रीकर बसवून कृष्णवर्णीयांसाठी नव्या शाळा बांधायला घेतल्या. हेतू हा की 'समान' सिद्ध व्हावे आणि 'वेगळे' टिकावे. जुने हत्यार प्रतिपक्षाने हाती घेतले होते. ते टाकणे भागच होते. १७ मे १९५४च्या ब्राऊन निकालाने मार्शल यांचा निर्णय खरा ठरवला.

परंतु शाळा एकत्र होऊ लागल्या तेव्हा बंद पडल्या त्या बहुतांशी कृष्णवर्णीयांच्या शाळा, आणि दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय शिक्षक बेकार झाले. समान वेतनाच्या लढ्यात नाव पुढे करणारा हाच वर्ग. विभक्ततेवर हल्ला करण्याची तयारी वर्षानुवर्षे झाली. त्यानंतर या शिक्षकांचे काय, याची तशी तयारी झाली नव्हती.

सेप्टिमा क्लार्क यांचे आयुष्य हेच सांगते. साउथ कॅरोलिनातील या शिक्षिकेने कोलंबिया शहरातील समान वेतनाच्या लढ्यात काम केले होते. १९५६मध्ये राज्याने कायदा केला : सरकारी नोकराने असोसिएशनचे सभासद असू नये. क्लार्क यांनी सभासदत्व लपवले नाही. नोकरी गेली, निवृत्तिवेतन गेले. त्यांच्यावर अन्याय झाल्याचे राज्याने मान्य करायला १९७६ उजाडावे लागले.

पण याच पोळलेल्या हातांतून पुढचा डावपेच आला. टेनेसीतील हायलँडर या लोकशिक्षण केंद्राच्या आधाराने जानेवारी १९५७मध्ये जॉन्स बेटावर प्रौढांचा वर्ग सुरू झाला. दर्शनी दुकान, मागच्या खोलीत वर्ग. शिकवणाऱ्या बर्निस रॉबिन्सन व्यवसायाने केशरचनाकार. गोऱ्या मालकावर अवलंबून नसलेल्या, म्हणून निर्भय. आधी स्वतःची सही, मग मनीऑर्डरचा फॉर्म, मग मतदार नोंदणीसाठी वाचून दाखवावा लागणारा राज्यघटनेचा उतारा. १९६१मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने हे काम आपल्याकडे घेतले आणि दक्षिणेत असे शेकडो वर्ग उभे राहिले. तरी त्या संघटनेचे पुरुष नेतृत्व निर्णयाच्या वेळी स्त्रियांचे ऐकत नसे, हे क्लार्क यांनी पुढे स्पष्ट सांगितले.

'संघटना काळाप्रमाणे बदलली' हे वाक्य म्हणून अपुरे आहे. इथे काळ म्हणजे एक न्यायनिवाडा, एक सूडाचा कायदा आणि नोकरी गेलेली एक शिक्षिका. मार्शल यांचा निर्णय बरोबर होता आणि शिक्षकांवरचा अन्यायही खरा होता; एकाने दुसरे पुसले जात नाही. चळवळींचा इतिहास लिहिताना नव्या डावपेचाचे यश मोजावे, तसे त्या डावपेचाने कोणाला उघड्यावर टाकले आणि ठरवताना त्यांना विचारले होते का, हेही मोजावे. आपल्या संघटनांचा इतिहास तपासतानाही ही मोजपट्टी हाताशी असू द्यावी.