ना. श्री. बेंद्रे यांची रंगनिष्ठा : एक पुनर्विचार

प्रस्तावना

आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) यांचे स्थान मान्यताप्राप्त आहे. त्यांच्या कलेचे मूल्यमापन मात्र वादाचे राहिले आहे. शैली वारंवार बदलणारा चित्रकार, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो. उत्तरकालीन बिंदुशैलीतील चित्रे केवळ शोभिवंत आहेत, असेही म्हटले जाते. शैली बदलत असताना त्यांच्या चित्रविचारात स्थिर काय राहिले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

इंदूरचा संस्कार

इंदूर येथील मराठी कुटुंबात जन्मलेल्या बेंद्रे यांना दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांच्यासारखे गुरू लाभले. इंदूरच्या या कलाशाळेत निसर्गासमोर बसून चित्रण करण्यावर भर होता. पॅरिसमध्ये १८७४ साली दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांचे पहिले प्रदर्शन भरले. सावली काळी नसून तिलाही रंग असतो, हा त्यांचा बोध होता. बेंद्रे यांनी तो माळव्याच्या प्रखर उन्हात पडताळून पाहिला. त्यांच्या आरंभीच्या निसर्गचित्रांत रेषेपेक्षा कुंचल्याचा फटकारा वस्तूला आकार देतो.

शैलीचे प्रयोग

१९४५ मध्ये शांतिनिकेतनातील वास्तव्य, १९४८ मधील अमेरिका व युरोपचा प्रवास आणि १९५० पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील अध्यापन या टप्प्यांतून त्यांची दृष्टी विस्तारली. ‘काटा’ या चित्राला १९५५ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या काळात त्यांच्यावर घनवादाचा प्रभाव होता. पिकासो व ब्राक यांनी घनवादाच्या सुरुवातीच्या टप्प्यात रंग करड्या-तपकिरी छटांपुरता आवरला होता. बेंद्रे यांनी घनवादाची रचना घेतली, रंगाचा संन्यास घेतला नाही. शैलीबदलाचा आक्षेप येथेच सैल पडतो.

उत्तरकालीन चित्रे

१९६६ मध्ये अध्यापन सोडल्यानंतर ते मुंबईत स्थिरावले व पुढे बिंदूंनी चित्र उभारू लागले. सरा याच्या बिंदूंमागे रंगशास्त्राची शिस्त होती. बेंद्रे यांचे बिंदू तुलनेने मुक्त आहेत. शेजारी ठेवलेले शुद्ध रंग प्रेक्षकाच्या डोळ्यांत मिसळतात आणि पृष्ठभाग स्पंदन पावतो. तथापि आक्षेपात तथ्यही आहे. ग्रामीण स्त्रिया व त्यांचे नित्य व्यवहार हे विषय पुनःपुन्हा येतात, आणि काही चित्रांत कष्टाची धार प्रकाशाच्या गोडव्यात बोथट होते. रंगावरील प्रभुत्व हेच तेथे मर्यादेचे कारण ठरते.

समारोप

सारांश, बेंद्रे यांच्या कलाप्रवासाची एकसूत्रता शैलीत नसून रंगाने पाहण्याच्या सवयीत आहे. १९६९ मध्ये पद्मश्री व १९९२ मध्ये पद्मभूषण या सन्मानांपेक्षा हे सूत्र विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणे अधिक महत्त्वाचे होय. मुंबई-बडोद्यापासून दूर असलेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला बेंद्रे बहुधा छापील प्रतिकृतीतूनच भेटतात. लहान प्रतिकृतीत बिंदू विरघळतात, स्पंदन नाहीसे होते आणि केवळ गोडवा उरतो. म्हणून मूळ चित्र पाहण्यापूर्वी ‘शोभिवंत’ असा निकाल देण्याची घाई अध्यापकांनी टाळावी. विद्यार्थ्याला प्रथम भर दुपारी शेताच्या बांधावर नेऊन सावलीचा रंग विचारावा. बेंद्रे समजून घेण्याची खरी सुरुवात तेथून होते.