लो-कोडचा राहून गेलेला धडा

'लो-कोड' हा शब्द फॉरेस्टर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१४ मध्ये रूढ केला. वस्तू त्याआधीची आहे. झोहो कंपनीचे 'क्रिएटर' २००६ पासून वापरात आहे. २०२० मध्ये गूगलने 'ॲपशीट' विकत घेतले. प्रोग्रामिंग न शिकता धंद्यापुरते ॲप बनवता येते, हा या साधनांचा दावा खरा आहे. माझी तक्रार ती शिकवणाऱ्या धड्यांविषयी आहे.

बहुतेक धडे पडद्यापासून सुरू होतात. एक्सेलसारखा तक्ता जोडा, बटण ओढून ठेवा, रंग निवडा, झाले ॲप! नोंद कशाची ठेवायची, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

मानखुर्दचेच उदाहरण घेऊ. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रुळांलगतची घरे गेलेली कित्येक कुटुंबे लल्लूभाई कंपाउंडमध्ये २२५ चौरस फुटांच्या घरांत आली. अशा इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेला देखभाल वर्गणीचे ॲप हवे आहे असे समजा. धड्यातल्या रीतीने सचिव एक तक्ता करतील: खोली क्रमांक, नाव, रक्कम, भरली की नाही. पहिला महिना छान जाईल. पुढे एखादा सभासद वारतो, त्याच्या पत्नीचे नाव लागते. सचिव जुने नाव पुसून नवे लिहितात. त्या क्षणी नवऱ्याने भरलेल्या पैशांची नोंद बाईंच्या नावावर जाते, आणि थकबाकी नेमकी कोणाच्या काळातली, हे सांगायला पुरावा उरत नाही. वाद झाला तर तिच्या हातात काय?

खोली, सभासद आणि भरणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे तक्तेही तीनच हवेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ला हे कळलेले होते. त्याखालच्या 'आय' नमुन्यातील सभासद नोंदवहीत सभासद झाल्याचा दिनांक असतो, तसा सभासदत्व संपल्याचाही असतो. जुने नाव खोडायचे नसते, त्यापुढे दिनांक घालायचा असतो.

तक्ते जोडण्याचे तंत्र एडगर कॉड यांनी १९७० मध्ये शास्त्रशुद्ध मांडले. पण आपल्या दिवाणजींना त्यातले मर्म परके नव्हते. कीर्दीतल्या नोंदीपुढे खतावणीचे पान लिहायचे, खतावणीत कीर्दीचे. एका वहीतून दुसरीत जाण्याची ती वाट होती. ॲपमध्ये हेच काम 'की', म्हणजे प्रत्येक नोंदीची न बदलणारी खूण करते. ॲपशीटला योग्य रकाना मिळाला नाही, तर ते ओळीचा क्रमांकच खूण धरू शकते. मग मधली एक ओळ काढली की पुढच्या सगळ्यांची ओळख सरकते. हा धोका कंपनीच्या माहितीपत्रात सांगितलेला आहे. धड्यांत तो क्वचितच भेटतो.

पडद्यापासून सुरुवात केल्याने शिकणाऱ्याला उमेद येते, हे मी स्वतः चाचपडत शिकताना अनुभवले आहे. म्हणून पहिला धडा पडद्याचा असू द्या. दुसरा मात्र वहीचा हवा. संगणक बंद ठेवून जुनी वही उघडावी आणि एकेका रकान्याला विचारावे: तू कोणाविषयी बोलतोस? खोलीविषयी, माणसाविषयी की पैशांविषयी? आपल्या संस्थेची वही वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या सचिवांना याचे उत्तर बहुधा ठाऊक असते. त्यांना अडाणी समजून बटणे शिकवणाऱ्यांनी आधी त्यांच्याकडून हे शिकून घ्यावे.