जागृती झाली, मुलं सुरक्षित झाली का?

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आलं की शाळांत पोस्टर स्पर्धा होतात, प्रभातफेऱ्या निघतात. अशाच एका शाळेतल्या उपक्रमाआधीच्या आणि नंतरच्या चाचणीचे गुण मी तपासून दिले होते. गुण वाढले होते, म्हणून 'उपक्रम यशस्वी' असं मीच लिहून टाकलं. शाळा सुटताना फाटकापाशी थांबलो, तर तीच मुलं उभ्या रिक्षांच्या मधून धावत पलीकडे जात होती. मोजलं एक आणि निष्कर्ष काढला भलत्याच गोष्टीचा, हे तिथं लक्षात आलं.

त्यानंतर वाचलेला एक शोधनिबंध तुम्हीही वाचावा असं वाटतं. ड्युपरेक्स, बन आणि रॉबर्ट्स यांचा हा पद्धतशीर आढावा 2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पादचाऱ्यांना सुरक्षेचं शिक्षण देण्याच्या 15 यादृच्छिक चाचण्या त्यांनी तपासल्या. त्यातल्या 14 मुलांवरच्या होत्या. सहा चाचण्यांनी मुलं प्रत्यक्ष कशी वागतात ते पाहिलं, आणि त्यातल्या काहींत फरकही दिसला. पण अपघातात होणाऱ्या दुखापती घटल्या का, हे एकाही चाचणीनं मोजलं नव्हतं. अल्प किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशातली तर एकही चाचणी नव्हती.

इथं घाई करू नका. 'परिणाम होतो याचा पुरावा नाही' आणि 'परिणाम होत नाही याचा पुरावा आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. हा आढावा पहिलंच वाक्य म्हणतो, आणि तेवढ्यावरच थांबतो. हाच त्याचा प्रामाणिकपणा. दुखापत न मोजण्यामागे कारणही आहे: एका शाळेत वर्षभरात अपघात मोजकेच होतात, त्यामुळे फरक दिसायला नमुना फार मोठा घ्यावा लागतो.

मर्यादा मात्र प्रश्नातच आहे. आढावा फक्त शिक्षणाबद्दल विचारतो. वाहनाचा वेग आणि फुटपाथ त्याच्या चौकटीबाहेर राहतात. आता गणित करून पाहा. 50 मीटरवरची गाडी ताशी 30 किलोमीटरनं आली तर मुलाला 6 सेकंद मिळतात, 60 नं आली तर 3. सात मीटरचा रस्ता चालत ओलांडायला साधारण 6 सेकंद लागतात. न्यूझीलंडमध्ये कॉनेली आणि सहकाऱ्यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बहुतेक मुलं गाडीच्या अंतरावरूनच निर्णय घेत होती, वेगावरून नव्हे. म्हणजे डावी-उजवीकडे नीट पाहूनही मूल चुकू शकतं. मग चूक त्याची म्हणायची, की रस्त्याची?

तुम्ही या विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल, तर आधी ठरवा: माहिती मोजणार, वागणूक की दुखापत? माहिती मोजलीत तर निष्कर्षही माहितीपुरताच ठेवा. एक दुपार तरी शाळेच्या फाटकापाशी उभे राहा. फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या असतील, तर 'फुटपाथवरून चाला' याचं बरोबर उत्तर लिहिलेलं पोरही रस्त्यावरूनच चालणार. त्या उत्तराला प्रश्नपत्रिकेत पूर्ण गुण मिळतात. आपल्या अहवालानं तरी ते गुण देऊन मोकळं होऊ नये.